मांचुरिया, मिसेस आणि कोथरूडचा फ्लॅट

उर्मिलाबाईंच्या नवऱ्याला आज सकाळी काय खाल्लं ते विचारा, आठवायचं नाही. पण एकोणीसशे बत्तीस सालचं काहीही विचारा! जपान मांचुरियात कुठवर घुसला, जिनीव्हाला राष्ट्रसंघाची बैठक किती लांबली, ऑकलंडमधल्या रेम्युएराच्या कुठल्या मिसेस कुणाकडे चहाला गेल्या, सगळं तोंडपाठ.

गोपीनाथराव पुण्याच्या एका दैनिकात जन्मभर उपसंपादक होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या बातम्यांतल्या चुका काढायच्या, हीच नोकरी. मुलाकडे न्यूझीलंडला, ऑकलंडच्या फ्लॅट बुश या उपनगरात राहायला आले आणि इथली जुनी वर्तमानपत्रं नेटवर फुकट वाचायला मिळतात, हे त्यांना कळलं. झालं! तेव्हापासून मांडीवर सदा टॅब आणि जेवताना मोठ्याने वाचन, तेही मराठीत भाषांतर करून. आधी परदेशच्या बातम्या, मग बड्या लोकांचं सदर: कोण कुणाकडे पाहुणी आली, कोण बोटीने परत निघाली. मुलगा संग्राम आणि सून सिद्धी मान डोलवायचे, पण ऐकत कोणीच नसे.

उर्मिलाबाईंना या वाचनाचा वीट आला होता. पण खरी चीड वेगळीच होती. इथे येऊन तीन वर्षं झाली. घर प्रशस्त, खालच्या मजल्यावर खास या दोघांसाठी खोली. पण साधी कढीपत्त्याची जुडी आणायला पार पापाटोएटोच्या भारतीय दुकानांत जायचं, तरी संग्रामच्या सुट्टीची वाट बघायची. त्यांना कोथरूडचं आपलं घर हवं होतं, आपली किल्ली, आपलं दार. परत जायचं हे दोघांचं कधीच ठरलं होतं. "मुलाशी मी बोलतो," असं गोपीनाथराव स्वतःच म्हणाले होते, आणि अजून बोलतच होते! आता संग्रामने कोथरूडच्या फ्लॅटला भाडेकरूही शोधला होता. शुक्रवारी करार व्हायचा होता.

"अहो, आज तरी बोलणार ना?" गुरुवारी दुपारी त्यांनी विचारलं.

"बोलतो गं. आधी हे ऐक. जपानला दुखवायचं नाही म्हणून राष्ट्रसंघाने नुसती समिती नेमली! अरे, तोंडावर स्पष्ट सांगा की! घाबरट लेकाचे!"

उर्मिलाबाईंनी कपाळावर हात मारला. "आणि तुम्ही काय वेगळं करताय हो? मुलाला दुखवायचं नाही म्हणून गप्प! तुम्हाला त्या संघाचा अध्यक्षच करायला हवं होतं."

गोपीनाथरावांनी पुढचं पान उघडलं.

संध्याकाळी जेवताना संग्राम म्हणाला, "बाबा, उद्या ऑनलाइन सही करायचीय हां. माणसं चांगली आहेत, हीप्स ऑफ इयर्स, पुष्कळ वर्षं राहणार म्हणतात."

गोपीनाथरावांनी घसा साफ केला. उर्मिलाबाईंचा घास तोंडातच थांबला.

"रेम्युएराच्या एक मिसेस," त्यांनी टॅबवरून वाचायला सुरुवात केली, "रोटोरुआहून नुकत्याच..."

बस्स! उर्मिलाबाईंनी त्यांच्या हातातून टॅब ओढून घेतला, चष्मा चढवला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "कोथरूडच्या सौ. उर्मिलाबाई गेली तीन वर्षं फ्लॅट बुशला आपल्या चिरंजीवांकडे पाहुण्या होत्या. त्या पुढच्या महिन्यात विमानाने कायमच्या आपल्या घरी परतत आहेत."

"स्वीट ॲज, मस्तच, आई," संग्राम पोळी मोडत म्हणाला. मग त्याचा हात थांबला. "विमानाने? हे कुठल्या सालचं?"

"या सालचं."

सिद्धीने वाटी खाली ठेवली. संग्रामचा चेहरा पडला. "आई, इथे काय कमी आहे गं तुला?"

"काही कमी नाही रे. तुम्ही दोघांनी खूप केलंत. पण हे घर तुमचं, मी इथे पाहुणी. मला माझ्या घरी राहायचंय." त्यांचे डोळे भरून आले आणि त्याचाही त्यांना राग आला.

"आणि बाबा, तुम्ही?"

गोपीनाथरावांनी बायकोच्या हातातल्या टॅबकडे पाहिलं. आता हा माणूस पुन्हा मांचुरियात जाणार, उर्मिलाबाईंना वाटलं. "त्यांचं मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "मी माझ्यापुरती बातमी दिली."

"चुकीची दिलीस," गोपीनाथराव हळूच म्हणाले. "श्री. व सौ. हवं होतं तिथे."

त्यांनी तिच्या हातातून टॅब घेतला, टेबलावर पालथा ठेवला आणि मुलाकडे पाहिलं.

"संग्राम, फ्लॅट भाड्याने देऊ नकोस. आम्ही दोघं जातोय."