खिशावर दुसरीचं नाव

"हात दाखव," कंपनीचे साहेब म्हणाले.

मी दोन्ही हात टेबलावर पुढे केले. कॉलेजचा सेमिनार हॉल. डोक्यावर कुरकुरणारा पंखा. समोर माझी मार्कशीट पालथी पडलेली. तिला त्यांनी हातही लावला नव्हता. माझ्याआधी माझ्या वर्गातली सायली आत जाऊन आली होती. तिला त्यांनी टायट्रेशन विचारलं, पीएच विचारला, पुढे काय करायचंय तेही विचारलं. मला हात दाखवायला सांगितले.

आणि मी खूश झाले. आज लिहिताना लाज वाटते, पण झाले. माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर काळे डाग होते. सिल्व्हर नायट्रेटचे. प्रॅक्टिकल करताना ते बोटावर सांडलं की कातडी काळी पडते, मग साबणाने कितीही घासा, काही दिवस डाग जात नाही. केमिस्ट्रीच्या पोरांमध्ये या डागांची ऐट असते. मला वाटलं, साहेब जाणकार आहेत. लॅबमध्ये खरंच कोण राबतं, ते बोटांवरून ओळखतात. मी बोटं आणखी पुढे केली आणि म्हणाले, "सर, सिल्व्हर नायट्रेट."

त्यांनी डागांकडे पाहिलंच नाही. ते तळव्यावरचे घट्टे बघत होते. विळ्याचे, कोयत्याचे, विहिरीच्या दोराचे. शेजारच्या माणसाला म्हणाले, "काम का हाथ है. प्लांट में लिखो." मग माझ्याकडे वळून, "बारा तास उभी राहशील ना बेटा?"

"हो सर," मी म्हणाले. वर थँक्यू पण म्हणाले.

मी मनोरच्या आतल्या एका डोंगरी पाड्यावरची. आदिवासी. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या हॉलमध्ये ते सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते माहीत नसल्यासारखे वागत होते. पालघरला वसतिगृहात राहून मी बी.एस्सी. केलं. केमिस्ट्रीत वर्गात पहिली आले. सायली माझी प्रॅक्टिकलची जोडीदार. समुद्राकडच्या गावातली, घरची पानवेलीची वाडी. मुलगी चांगली. फक्त टायट्रेशनमध्ये रंग बदलला की नाही, हे ती दर वेळी मला विचारायची.

कंपन्या मुलं कशी उचलतात ते मला तोंडपाठ होतं. कमवा आणि शिका योजनेत मी दोन वर्षं प्लेसमेंट सेलमध्ये काम केलं होतं. सेल म्हणजे ऑफिसमागची एक खोली, एक कॉम्प्युटर आणि एक मॅडम. कंपनीचा मेल येतो, अमुक जागा, अमुक शिक्षण. मॅडम नोटीस लावतात. मुलं फॉर्म भरतात. फॉर्मवरून मी यादी टाइप करायची. नाव, विषय, टक्के. यादी कंपनीला जाते. मग ठरल्या दिवशी साहेब लोक येतात, पडद्यावर कारखान्यापुढची बाग दाखवतात, मुलाखती घेतात, बटाटेवडा खातात आणि जातात. सरळ मामला वाटायचा.

ही कंपनी बोईसरपलीकडची. तारापूरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात औषधांची कच्ची पावडर बनवणारी. नोटिशीत पद एकच होतं, ट्रेनी केमिस्ट. पण यादीत त्यांनी आणखी एक रकाना मागितला. गाव.

मॅडम म्हणाल्या, "पत्त्यातलं गाव काढून टाक गं त्यात."

मी का म्हणून विचारलं नाही. मला वाटलं, कंपनीची बस असते, कुणाला कुठून उचलायचं ते ठरवत असतील. म्हणून तो रकाना मी फार मन लावून भरला. ज्यांनी नुसतं 'पालघर' लिहिलं होतं त्यांना कँटीनमध्ये, वसतिगृहात गाठून विचारलं, खरं गाव कोणतं? पाडा कोणता? कुणाची बस चुकू नये म्हणून. उमरोळी लिहिलं, नवापूर लिहिलं, दातिवरे लिहिलं. आणि आमच्या बाजूच्या एकेका पाड्याचं नाव शुद्धलेखनासकट लिहिलं. माझ्या नावापुढे माझ्या पाड्याचंही.

मुलाखती सुरू व्हायच्या आधी साहेबांच्या टेबलावर पाणी ठेवायला मीच गेले होते. यादी समोर उघडी होती. काही नावांपुढे पेन्सिलीची खूण. माझ्या नावापुढेही होती. चला, आपली निवड झालीच म्हणायची, असं मनाशी म्हणत मी हसत बाहेर आले. खुणा फक्त डोंगराकडच्या गावांना होत्या, हे त्या वेळी माझ्या डोक्यात शिरलं नाही. इतकी हुशार मी.

निकाल लागला तेव्हा सगळ्यांची नावं एकाच कागदावर होती. निवड झाली, एवढंच. 'प्लांट' म्हणजे कारखान्यातलीच लॅब असणार, असं मी धरून चालले. मी घरी गेले. माझ्या बाला लॅब म्हणजे काय ते समजावलं, दवाखान्यात रक्त तपासतात तसली खोली असते म्हणून.

"म्हंजे उन्हात काम नाय?" त्याने विचारलं.

"नाय बा."

"ओझा नाय?"

"नाय."

"बास मंग." मग तो आठवडी बाजारात जाऊन, ज्याला कधी राम राम घातला नाही त्यालाही सांगून आला. पोर लॅबमंदी लागली.

पहिल्या दिवशी सायली आणि मी बोईसर स्टेशनवरून एकाच रिक्षातून गेलो. गेटवर वॉचमनने कागद बघितला. सायलीला आत ऑफिसकडे पाठवलं. मला म्हणाला, "आप उधर." उधर एक पत्र्याची शेड होती, तिथे ठेकेदाराचा माणूस बसला होता. त्याने माझा फोटो चिकटवून पास दिला. वर ठेकेदाराचं नाव. कंपनीचं नाव कुठेच नाही. फोटोखाली लिहिलं होतं, हेल्पर.

मी म्हणाले, "मैं बी.एस्सी. हूं. केमिस्ट्री."

"बी.एस्सी. घर पे. इधर ड्रम है," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हे वाक्य त्याने आधी कितीदा म्हटलं असेल देव जाणे.

मी त्याच दिवशी परत फिरायला हवं होतं. फिरले नाही. बाजारात पसरलेली बातमी परत कशी गोळा करणार? मी ड्रम ढकलले. पावडर फावड्याने उपसली. नाकातोंडात जळजळ घेऊन जेवले. आणि रोज प्लांटमधल्या मालाच्या नमुन्याच्या बाटल्या लॅबला नेऊन दिल्या. लॅबला एक सरकती काचेची खिडकी होती. बाटली आत द्यायची, दारातून आत जायचं नाही. खिडकीच्या पलीकडे पांढऱ्या एप्रनमध्ये सायली.

सुरुवातीला ती मान खाली घालायची. एक दिवस तिने खिडकी थोडी जास्त सरकवली आणि हळूच म्हणाली, "अगं, या द्रावणाची नॉर्मॅलिटी कशी काढायची? मला येतच नाहीये."

मी ड्रमच्या लेबलाच्या मागे गणित सोडवून दिलं. खिडकीबाहेर उभं राहून. रिपोर्टवर सही तिची गेली. मी तिला दोष देत नाही. तिने काही हिसकावलं नव्हतं. पण लेबल हातात आल्यावर तिने खिडकी लावून घेतली, आणि मी पुढचा ड्रम ढकलायला परत गेले. घरी मात्र सांगत राहिले, लॅब छान आहे.

वर्ष व्हायच्या आत साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं. पहिल्यांदाच. गार हवा, खुर्ची, पाणी. म्हणाले, "तुमच्या कॉलेजला जायचंय उद्या. तुमच्याकडची मुलं येतात आणि महिन्याभरात पळून जातात. तू टिकलीस. तू दोन शब्द बोल. तुझं ऐकतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना त्यांना आठवण झाली की मी प्लांटच्या कपड्यांत आहे. लॅबच्या खुंटीवरून त्यांनी एक एप्रन मागवला. कॉलेजमध्ये आम्ही खिशावर दोऱ्याने नाव घालायचो. या खिशावर लाल दोऱ्याने घातलं होतं, सायली.

"सर, नाव आहे यावर."

"कोण वाचतंय," ते म्हणाले, आणि त्यांनीच नावावर कंपनीचा बिल्ला लावला.

मी तो एप्रन घातला. आणि मला बरं वाटलं. या सगळ्यात मला सर्वांत जास्त छळतं ते हेच, की मला बरं वाटलं. बाहीची घडी नीट केली मी. गाडीच्या काचेत स्वतःला पाहिलं.

तोच हॉल. तोच पंखा. मॅडमनी मला जवळ घेतलं. पहिल्या रांगांमध्ये पालघरची, किनाऱ्याची मुलं. मागे आमची. त्यांच्यात सुनंदा होती, वसतिगृहात माझ्या खोलीत राहणारी, माझ्या वह्यांवर अभ्यास केलेली. साहेबांनी पडद्यावर तीच बाग दाखवली. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "ही बघा, तुमच्याच कॉलेजची. आज आमच्या लॅबमध्ये आहे. विचारा ताईला काय विचारायचं ते."

सुनंदा उभी राहिली. "ताई, आमच्या पाड्याची पोरां पन लॅबमंदीच घेतात ना?"

तिच्या बोलण्यावर पुढच्या रांगा हसल्या. साहेबही हसले. "घेतो ना बेटा. सगळ्यांना घेतो."

माझ्यापुढे टेबल होतं. टेबलावर यादी. नाव, विषय, टक्के, गाव. मुलाखती अजून सुरू व्हायच्या होत्या आणि पेन्सिलीच्या खुणा करून झाल्या होत्या. सुनंदाच्या नावापुढेही होती. त्या क्षणी मला बस दिसली. कधीच नसलेली, माझ्या डोक्यातली बस. तिच्यासाठी मी दारोदार फिरून गावं विचारली होती. गावांचा हा रकाना पहिल्यांदा इतका नीट भरून दिला कुणी? मीच.

मी एप्रन काढला. बिल्ला काढून टेबलावर ठेवला. माइकमध्ये म्हणाले, "हा एप्रन माझा नाही. खिशावर दुसरीचं नाव आहे. मी लॅबमध्ये नाही. मी ड्रम उचलते. माझ्या पासवर हेल्पर लिहिलंय. आणि ही यादी गावं बघून लावलेली आहे. आत्ताच. तुमची तोंडं बघायच्या आधी."

माइक बंद झाला. मी पास वर धरून तशीच उभी राहिले. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. कुणीतरी मागून म्हणालं, "बस खाली."

मॅडमनी मला दंडाला धरून बाहेर आणलं. त्या रडवेल्या झाल्या होत्या. "काय मिळालं तुला? पुढल्या वर्षी कंपनी आली नाही तर? पोरांचं नुकसान केलंस."

"मॅडम, तो रकाना कशासाठी होता?"

"गाव आहे फक्त ते," त्या म्हणाल्या. मला वाटतं त्यांना खरंच तसं वाटत होतं.

मुलाखती थांबल्या नाहीत. चहा झाला आणि सुरू झाल्या. खूण असलेली आमची सगळी पोरं एकेक करून आत गेली. सुनंदाही गेली. बाहेर आली तेव्हा तळवे ओढणीला पुसत होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "ताई, तू बोललीस ता खरा हाय. पन मी घरी जाऊन काय करू? सांग ना, काय करू?"

तिची निवड झाली. ती अजून तिथेच आहे, त्याच ड्रमांपाशी, आणि खिडकीत बाटल्या नेऊन देते.

मला कामावरून काढलं, हे सांगायची गरज नाही. ठेकेदाराच्या माणसाने पास मागितला. मी म्हणाले, "नहीं दूंगी." असं कुणी म्हणत नाही.

घरी बाला सगळं सांगितलं. तो सुपातले दाणे निवडत होता. मग म्हणाला, "म्हंजे लॅब नव्हतीच?"

"नव्हती बा."

पुढचे कितीतरी आठवडे तो बाजारात गेला नाही.

आता मी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात काम करते. मुलं बायोडेटा छापायला येतात. काल एक मुलगी आली, सेलमध्ये काम करणारी, माझ्या जागेवरची. हातात यादी. तीच कंपनी येणार आहे, परवा. मॅडमची भीती फुकट होती. कंपनी दर वर्षी येते.

"ताई, चार कॉपी काढ."

नाव, विषय, टक्के, गाव. पाड्यांची नावं शुद्ध लिहिलेली. मी विचारलं, "हा रकाना कशाला गं?"

"बससाठी असंल ना," ती म्हणाली.

मी तिला सांगितलं. सगळं. तिने ऐकलं. चेहरा उतरला. मग म्हणाली, "पन मॅडम थांबल्यात ताई," आणि चार कॉपी घेऊन गेली.

ती गेल्यावर मी माझा पास मशीनच्या काचेवर ठेवला. फोटो, ठेकेदाराचं नाव, हेल्पर. खाली पेनाने माझं शिक्षण आणि माझे टक्के लिहिले. परवापर्यंत या दुकानातून जो जो बायोडेटा छापून बाहेर पडेल, त्याच्या मागच्या बाजूला हा पास छापलेला असेल. साहेबांच्या टेबलावर पोरांचा कागद जाईल तेव्हा माझं तोंडही जाईल. याने एकालाही लॅबची जागा मिळणार नाही, हे मला माहीत आहे. कदाचित आहे तेही जाईल. दुकानदाराला कळलं की मलाही काढेल. काढू दे. मग मी कॉलेजच्या गेटवर उभी राहीन, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी. पास माझ्याकडे आहे आणि तो मी परत देणार नाही.