रामकुंडात न सोडलेले मशीन

आमच्या नात्यागोत्यात माझ्याविषयी एक कथा चालते: पत्नीच्या दहाव्याला म्हाताऱ्याने लोभापायी तिच्या अस्थींत हात घातला. हात घातला, एवढेच खरे. बाकीची कथा खोटी आहे.

त्या सकाळी रामकुंडाच्या पायरीवर माझ्या मेहुण्याने तिचे कानाचे मशीन, सेलसकट, अस्थींच्या तांबड्या फडक्यात ठेवले.

"दाजी, ताईच्या अंगावरची वस्तू. तिच्याबरोबरच जाऊ द्या."

"अंगावर मंगळसूत्रही होते," मी म्हणालो. "ते कपाटात कसे राहिले?"

गुरुजी खोळंबले. मी मशीन काढून खिशात ठेवले. ज्या पाण्याला ही माणसे तीर्थ म्हणून ओठ लावतात, त्यातच सेल आणि प्लास्टिक सोडायला मी तयार नव्हतो. शिवाय चालते यंत्र बुडवणे ही नासाडीच.

स्वतःसाठी घेतले, हा आरोप तर निव्वळ कांगावा. इथल्याच द्वारका चौकात कान तपासणाऱ्या बाई जुनी मशिने दुरुस्त करून गरजूंना देतात. त्यांच्याकडे मी ते नेऊन दिले. हरसूलकडच्या एका म्हातारीला त्यांनी ते बसवले. तिला ऐकू आले, ती हसली. मग तिने विचारले, "कोणाचं व्हतं?" मी खरे ते सांगितले. तिने ते तत्काळ काढून टेबलावर ठेवले. त्यानंतर ते कोणीच घेईना. माझेही कान मंद झालेलेच होते. बाईंनी कानातला साचा नवा केला, आवाज माझ्या कानाला जुळवून दिला.

घरी मी मशीनचे सांगितले नाही. रात्री पानावर बसलो, तेव्हा सून मुलाला सांगत होती, "आईंसारखंच झालंय यांचं. समोर बसून काहीही बोला, पत्ता नाही. सकाळचीच भाजी वाढते."

मुलगा हसला.

"ताजी वाढ," मी म्हणालो. "ऐकू येते आहे."

माझ्या लोभाची कथा त्या जेवणानंतरची आहे, हे नातेवाइकांनी ध्यानात घ्यावे.

पत्नी जेवायला बसण्यापूर्वी मशीन काढून ठेवत असे. सेल वाचवते, म्हणायची. घरात सगळे तिला चिक्कू म्हणत.

मी मशीन काढत नाही. सेल संपला की नवा घालतो, संपलेला डबीत टाकतो. डबी भरली की बाईंकडे पोहोचवतो. जेवताना आता घरात कोणी बोलत नाही.