भट्टी चालू कोणी सोडली?

आमच्या बँडला अजून नाव नाय. गाणी तीन, त्यातलं एक अर्धं. पण किस्से? टपरीवर बसलो ना, तर दुसरा चहा सांगावा लागतो, तरी संपत नायत! आणि खरं सांगू का, सगळे किस्से फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतात. सुमेधचा ॲम्प कोणीतरी चालूच सोडून गेलं!

ॲम्प म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी. सुमेधची जुनी, ट्यूबवाली. आत काचेच्या नळ्या असतात, त्या बल्बसारख्या पेटतात, तापतात, आणि मग जो काय आवाज निघतो... जाऊ द्या, ऐकायला या! घोळ एकच. पुढचा लाल दिवा गेलेला. वाजवणं थांबलं की पेटी एकदम गप्प, चालू का बंद काहीच कळत नाय. आत नळ्या आपल्या झिजतायत! आणि त्या गावात मिळत नायत, बाहेरून मागवायच्या, पंधरा-पंधरा दिवस वाट बघायची. म्हणून आम्ही तिला भट्टी म्हणतो.

भट्टी असते हर्सूलला, सुमेधच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत. बाकी सगळ्यांनी आम्हाला हाकलून दिलंय, ही एकच जागा उरलीय. सुमेध गिटार, इम्रान बेस, मी स्नेहल, ड्रमवर. गायक नाय! माइकची वायर भट्टीलाच खोचायची आणि ज्याला शब्द आठवतील त्यानं गायचं.

*

पहिला किस्सा काकूंचा, म्हणजे सुमेधच्या आईचा. डिसेंबरची थंडी. रविवारी प्रॅक्टिस करून आम्ही पांगलो. सोमवारी संध्याकाळी आम्हाला काकू जिन्यातच भेटल्या, लई खूश.

"स्नेहल, तुमची पेटी लई गुणाची गं! या थंडीत माझं दही लागतच नव्हतं. काल कपडे काढायला वर गेले, हात लावला तर पेटी कशी छान कोमट! ठेवलं पातेलं. आज बघ, सुरीनं कापावं असं दही!"

सुमेध पांढरा पडला. "आई! ॲम्पवर दूध ठेवलंस?"

"झाकण होतं की!"

"म्हणजे कालपासून चालूय ती!"

"व्हय ना," काकू म्हणाल्या. "गुरुवारी पण ठेवा. पाहुणे यायलेत."

*

इम्रानची तर वेगळीच तऱ्हा. एकदा प्रॅक्टिसनंतर भट्टी बंद करायचं काम त्याच्याकडं होतं. हा बाईकवर खुलताबादला मामाकडं निघाला. घाट चढता चढता डोक्यात किडा वळवळला, "बंद किया था क्या?"

आता फोन करावा ना माणसानं! नाय. गाडी वळवली, तेवढं सगळं अंतर परत आला, जिना चढला, भट्टीजवळ कान नेला. शांत. हात मागं घातला. एक नळी पेटलेली नाय. बंद! खुशीत शिट्टी वाजवत पुन्हा खुलताबाद.

दुसऱ्या दिवशी आम्ही वर गेलो तर भट्टी तापून लाल! सुमेधनं फोन लावला, "इम्रान, तू बघून गेलास ना?"

"हौ, देखा ना! बंद थी!"

"स्विच बघितलास?"

 मग इम्रान एकदम बारीक आवाजात, "...लाईट गयेली थी क्या रे तब?"

*

माझा आजा सगळी हयात मेंढरांमागं फिरला. डोळे दाखवायला शहरात आला होता, म्हटलं चल, आमची प्रॅक्टिस बघ. आजा बसला भट्टीला टेकून. आमचं आपलं भांडण चाललेलं, गाणं कुठून उचलायचं त्याच्यावरून. आजानं हळूच तळहात उलटा करून भट्टीच्या कुशीला लावला. कोकराला लावतात तसा.

"पोरी, याला ताप आलाय."

"आज्जा, मशीन आहे ते!"

"असंना का. कवापासून उभं केलंय त्याला?"

आम्ही सुमेधकडं बघितलं. सुमेधनं जमिनीकडं बघितलं. सकाळी तार लावायला चालू केली होती, ती संध्याकाळपर्यंत तशीच!

इम्राननं एकदम सिरियसली विचारलं, "आजोबा, दवा क्या देनेका?"

"दवा काय नको," आजा म्हणाला. "तुम्ही तिघं जरा गप बसा. मंग उतरंल."

*

असं तीनदा झाल्यावर काका वर आले. काका म्हणजे सुमेधचे पप्पा. वाळूजच्या एका कंपनीत तीस वर्षं मेंटेनन्सला होते, आता रिटायर. एका हातात हातोडी आणि तीन खिळे, दुसऱ्या हातात तीन लाल कार्डं. आमची नावं, फोटोसकट!

"कंपनीत मशीनवर हात घालायच्या आधी माणूस आपलं कार्ड लावतो," काका म्हणाले. "इथं पण तेच. भट्टी चालू करणाऱ्यानं खिळ्यावरचं आपलं कार्ड काढून स्विचवर लटकवायचं. बंद केली की परत खिळ्यावर. आणि ज्याचं कार्ड, त्यानंच काढायचं. तोवर दुसऱ्यानं स्विचला पण हात लावायचा नाय!"

"अंकल, मेरा फोटो कायकू ऐसा?"

"तुझ्या आधारवरचाय. आणि ऐका. आता एकदा जरी भट्टी चालू सापडली, तर सोडणारा खोलीबाहेर. कायमचा!"

*

नियम म्हणजे किती नियम? मी एकदा भट्टी बंद केली, पण कार्ड स्विचवरच राहिलं. सकाळी कंपनीच्या बसमध्ये होते, वाळूज आलंच होतं, तेवढ्यात काकांचा फोन.

"स्नेहल, तुझं कार्ड लटकलंय."

"सॉरी काका! भट्टी बंद केलीय मी. कार्ड तेवढं खिळ्यावर अडकवा ना."

"मी? तुझं कार्ड मी कसं काढू?"

त्या दिवशी सुमेध आणि इम्राननं सुट्टी काढलेली, मुद्दाम प्रॅक्टिसला. शिफ्ट संपवून मी पोचले तेव्हा दोघं गिटारी मांडीवर घेऊन बंद भट्टीसमोर बसलेले. दिवसभर! काकांनी आधी मला चहा दिला. मग म्हणाले, "हां, काढ आता."

*

एप्रिलमधल्या कॉलनीच्या भीमजयंतीच्या कार्यक्रमात आम्हाला पंधरा मिनिटं मिळाली. आमचा पहिलाच स्टेज! एक भीमगीत तरी पाहिजेच. पण गाणार कोण? इम्राननं एक ओळ गाऊन दाखवली, शेजारच्यांनी खिडकी लावली.

तेव्हा काकू बोलून गेल्या. "यांना विचारा की. लग्नाआधी भीमगीतांच्या गायन पार्टीत होते. गावोगाव बोलवायचे लोक. कंपनीत लागले आणि सुटलं सगळं."

सुमेधला घरात राहून हे माहीत नाय! आम्ही धावत खाली गेलो. काका पेपर वाचत होते.

"काका, प्लीज, एकच गाणं!"

"तीस वर्षं मशीनींच्या आवाजात ओरडून बोललोय. गळा नाय राहिला आता."

"पप्पा, एकदा माइकवर बघा तर."

"नाय म्हटलं ना. दुसरा कोणी बघा."

दुसरा कोणी मिळाला नाय. एक आठवडा उरला. मी तर म्हटलं, कार्यक्रमवाल्यांना नाव काढायला सांगू.

*

ते ठरवायलाच शनिवारी दुपारी जमलो. वर गेलो, दार उघडलं, तर खोलीत तापलेल्या धुळीचा वास. भट्टी चालू!

"कोण?" सुमेध ओरडला. तिघांनी भिंतीकडं बघितलं. तीन खिळे, तीन कार्डं. सगळी जागेवर.

स्विचवर चौथंच कार्ड लटकलेलं. कंपनीचं जुनं ओळखपत्र. कडा पिवळ्या पडलेल्या, फोटोत काकांचे केस काळेभोर.

माइकची वायर भट्टीला खोचलेली. समोर खालच्या घरातली प्लास्टिकची खुर्ची. खुर्चीवर खडीसाखरेची पुडी, अर्धी संपलेली.

काका बाजारात गेलेले. सुमेधनं स्विचकडं हात नेला, तर इम्राननं मनगटच धरलं. "अबे! जिसका कार्ड, वहीच निकालेगा!"

मग काय! तिघं भट्टीसमोर बसून पेपरनं वारा घालतोय. अर्ध्या तासानं जिन्यात काकांची चप्पल वाजली. काका दारात, हातात भाजीची पिशवी. त्यांनी कार्डाकडं बघितलं. खडीसाखरेकडं बघितलं. आमच्याकडं बघितलंच नाय.

मागून काकू, पदर तोंडाला लावून, "अहो, खोलीबाहेर ना? कायमचं?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. भट्टी बंद केली, कार्ड काढलं, शर्टानं पुसलं आणि भिंतीवरच्या तीन खिळ्यांकडं बघत उभे राहिले.

"सुम्या," ते म्हणाले, "हातोडी कुठंय?"