सगळ्या वॉर्डाचे अठरा

माझ्या धाकट्या आत्याने आजवर कुणाला नुसतं 'ये, बस' म्हटलेलं नाही. तुम्ही उंबऱ्याच्या आत पाय टाकलात की तुमचं मनगट तिच्या मुठीत आणि तिची नजर पदराला पिनेने उलट्या टांगलेल्या घड्याळावर. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते सरकारला माहीत, तिला कुणी कळवलेलं नाही. चुलतभावाच्या हळदीत डीजे दणाणत असताना हिने पिवळ्याधमक नवरदेवाची नाडी धरली आणि जाहीर केलं, "एकशेवीस हाय! एक तर लगीन पुढं ढकला, न्हायतर तो डीजे बंद करा." डीजे चांगला दहा मिनिटं बंद राहिला. कपाळावर पिस्तुलासारखं रोखून ताप सांगणाऱ्या यंत्राचा तर तिला भारी राग. पालथा हात गळ्याला लावून ती जो ताप सांगते, तो थर्मामीटर मागाहून मुकाट कबूल करतो.

पण तिची खरी करामत श्वास मोजण्यात. कुणी श्वास मोजतंय असं कळलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो, साहेब आल्यावर कारकून कामाला लागतात तसा. म्हणून ही नाडी बघायचं सोंग करते आणि चोरून पोटाकडे बघत श्वास मोजते, तोही पुरा एक मिनिट. आम्ही भाचरं तिची नक्कल करून हसत लोळायचो.

गेल्या वर्षी बाबांना, म्हणजे तिच्या थोरल्या भावाला, न्यूमोनिया झाला. आमच्या थळ गावाहून तालुक्याला नेऊन हॉस्पिटलात ठेवलं. चौथ्या दिवशी ताप उतरला, खाटेजवळच्या मशिनवर नाडी, ऑक्सिजन ठीक दिसत होतं, डॉक्टर म्हणाले घरी न्या. मी पिशव्या भरत होते, तेवढ्यात हरिहरेश्वरच्या सासरहून एसट्या बदलत बदलत आत्या दाखल झाली. बाबांशी दोन शब्द बोलली आणि मनगट धरून बसली. एक मिनिट झालं, दुसरं झालं. मग खाटेचा तक्ता उचलला, शेजारच्या खाटेचा उचलला, पलीकडचाही उचलला! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्या, पुरे गं तुझं! खाली गाडी थांबलीय," मी खेकसलेच.

"दादाचे श्वास मिनिटाला तीस हायत," ती म्हणाली, "आणि हितं लिवलेत अठरा. कालचे अठरा, परवाचे अठरा. त्या म्हाताऱ्याचे अठरा, त्या बाईचे पण अठरा. काय गं सिस्टर, समद्या वॉर्डाला एकच श्वास वाटून दिलाय का?"

सिस्टर बिचारी नवखी होती. "आजी, मशिनवर सगळं बरोबर दिसतंय ना..."

"मशिन बरोबरच हाय, पण ते श्वास न्हाय मोजत. अठरा मशिनने न्हाय लिवले, तू लिवलेस." पोरीचा चेहरा उतरला, तसा आत्याचा आवाजही जरा उतरला. "एवढ्या पेशंटांना एकटी बघतेस, दिसतंय मला. पण मोजायचं बाय. अंदाजाने न्हाय लिवायचं."

डॉक्टर आले. त्यांनी स्वतः मोजलं आणि लगेच एक्स-रे सांगितला. न्यूमोनिया दुसऱ्या फुफ्फुसात पसरला होता. तासाभरात बाबा आयसीयूत गेले. "घरी नेलं असतंत तर परत आणायलाही वेळ मिळाला नसता," डॉक्टर म्हणाले. बाबा वाचले, पुढच्या आठवड्यात घरी आले.

मला मात्र आयसीयूबाहेरच्या बाकावरची आत्या विसरता येत नाही. मी शरमून विचारलं, "तुला शंका तरी कशी आली गं?"

"आकडा नंतर मोजला," ती म्हणाली. "आल्या आल्या मी मुद्दाम म्हटलं, दादा, तुमच्या थळपेक्षा आमच्याकडची कोळंबी गोड. आणि हा 'हो' म्हणाला. जल्मात कधी 'हो' म्हणालाय का गं तो मला?"

मग तिने पदर तोंडाला लावला आणि लहान मुलीसारखी रडायला लागली. "हा गेला तर माहेरात माझ्याशी भांडायला कोण उरलंय?"