कापलेली चाळीस सेकंदं

माझ्या घरात मला कोणी बोलका माणूस म्हणणार नाही. बायको सांगते, मी तिला बघायला गेलो तेव्हा सगळं बोलणं माझ्या मामांनीच केलं. मी तिच्या घरातला बंद पडलेला रेडिओ उघडून बसलो होतो. खरं आहे. रेडिओ चालूही झाला. पण हाच माणूस आता आठवड्यातून दोनदा कर्नाटकाच्या सीमेवरच्या आळंदमधल्या एका खोलीत माइकसमोर बसतो आणि तासतासभर बोलतो. समोर कोणी बसलेलं नसलं की मला बोलायला जमतं. त्या समोर नसलेल्या माणसांशी मी एकदा खोटं बोललो, त्याची ही गोष्ट. उशीर झालाय, पण सांगतो.

माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दिवसातून वीस जण तेच प्रश्न विचारायचे आणि वीसदा तोंड उघडायचा मला कंटाळा. म्हणून उत्तरं मराठीत लिहून ब्लॉगवर टाकायला लागलो. कोणी आलं की लिंक पाठवायची, आपण गप्प. मग लोक म्हणाले, वाचत बसायला वेळ कुणाला हाय, करून दाखवा. म्हणून व्हिडिओ. मग ट्रॅक्टर चालवणारे म्हणाले, बघत बसायला तरी कुठं वेळ हाय, नुसतं सांगा. म्हणून पॉडकास्ट. कमी बोलायचं म्हणून जे सुरू केलं ते असं वाढत गेलं.

चाललं कारण आमच्या अडचणी आमच्याच होत्या. पुण्याच्या व्हिडिओंत सगळं पुण्यासारखं चालतं, बेंगळुरूच्या व्हिडिओंत बेंगळुरूसारखं. शेताच्या या बांधावर कर्नाटकाचा टॉवर आणि त्या बांधावर महाराष्ट्राचा, त्यामुळं फोन दोन्हींत सिग्नल शोधत राहतो आणि भाकरी खाईपर्यंत बॅटरी निम्मी होते, हे त्यांना कुठून माहीत असणार? मी मराठीत बोलायचो, मध्ये कानडी यायची, दुकानदारीचं उर्दू यायचं. ऐकणाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नव्हतं, त्यांच्या घरातही तसंच बोलतात.

स्टुडिओ म्हणजे दुकानामागची खोली. भावाच्या शेतातल्या तुरीची पोती तिथं भिंतीला लावून ठेवलेली असतात. आवाज अजिबात घुमत नाही. बाजारात भाव आला आणि पोती गेली की मात्र घुमायला लागतो, आणि ऐकणारे लगेच विचारतात, "अण्णा, तूर इकलाव काय?"

खर्च सगळा ऐकणाऱ्यांच्या आधारावर. ज्याला जमेल त्यानं महिन्याला जमेल तेवढं पाठवायचं. कोणी वस्तूही पाठवायचे. चिंताकीच्या एकानं बसच्या कंडक्टरकडं हुरडा दिला होता; तो पोचेपर्यंत निम्मा झाला होता आणि कंडक्टरनं तो चांगला असल्याचं सांगितलं. कंपन्यांच्या जाहिराती मात्र मी घेत नसे. एका इअरफोनवाल्यांना नाही म्हटलं, तेव्हा आठवडाभर मला स्वतःबद्दल फार बरं वाटत होतं. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मी म्हणायचो, "कुठल्याही कंपनीचा रुपया या खोलीत आलेला नाही, आणि पंधरा दिवस स्वतः वापरल्याशिवाय मी कशाबद्दल बोलत नाही." दोन्ही वाक्यं खरी होती. ती खरी होती, म्हणूनच पुढचं सगळं त्यांच्या आडोशाला झालं.

आमच्या तालुक्यात बॅटरी आणि इन्व्हर्टर विकणारे एक दुकानदार आहेत. सगळे त्यांना अप्पा म्हणतात. हसरा, मोठ्या मनाचा माणूस. दुकानात शिरलं की आधी हात जोडून "शरणु" आणि मग चहा, खरेदी केली नाही तरी. त्यांच्या दुकानात एका नव्या कंपनीचा संच आला होता, इन्व्हर्टर आणि बॅटरी एकत्र, कपाटाच्या खणात मावेल एवढा. खोक्यावर लिहिलं होतं, संगणक आणि प्रिंटर दोन्ही चालतील. अप्पा म्हणाले, घेऊन जा, वापरा, काय वाटतं ते सांगा. पंधरा दिवसांनी संच परत द्यायचा, रुपया घ्यायचा नाही. माझ्या नियमात बसत होतं.

तेवढ्यात येळवस आली. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं गावं ओस पडतात, सगळे शेतात जेवायला. ज्याला शेत नाही त्याला कोणीतरी बोलावतंच. त्या वर्षी अप्पांनी आम्हाला निंबर्ग्याजवळच्या त्यांच्या शेतात बोलावलं. डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. अप्पा स्वतः वाढत होते आणि नको म्हटलं की जास्त वाढत होते. निघताना त्यांच्या घरातल्यांनी माझ्या बायकोच्या हातात भज्जीचा स्टीलचा डबा दिला.

आता डबा रिकामा परत देत नाहीत. बायकोनं त्यात कारळाची चटणी घालून पाठवली. तिकडून त्याच डब्यातून शेंगापोळ्या आल्या. इकडून धपाटे गेले, तिकडून पुन्हा शेंगापोळ्या. त्या शेंगापोळ्यांबद्दल मी इथं काही लिहीत नाही, बायको हे वाचणार आहे.

संचाची परीक्षा मी पहिल्याच दिवशी केली होती. पंखा आणि दोन दिवे चार तास चालले, छान. संगणक जोडला, छान. मग दुकानातला लेझर प्रिंटर जोडला आणि कागद ओढायच्या आत संच टक् करून बसला. पुन्हा केलं, पुन्हा बसला. तिसऱ्यांदा मी कॅमेरा चालू ठेवूनच केलं आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणालो, "प्रिंटर याच्यावर चालत नाही. खोक्यावर लिहिलंय ते खोटं आहे." असं सगळं मिळून चाळीस सेकंदांचं.

पंधरा दिवसांनी व्हिडिओ जोडायला बसलो. दुपारची वेळ होती आणि शेजारी डबा होता. ती चाळीस सेकंदं समोर आली तेव्हा मला अप्पा आंबील ओतताना दिसले. वाटलं, प्रिंटर असतो कोणाच्या घरी? पंखा आणि दिवे तर चालतातच. खोटं कुठं बोलतोय, नुसतं थोडं कमी बोलतोय. कमी बोलायची सवय तर मला जन्माचीच. मी तो तुकडा कापला. व्हिडिओच्या सुरुवातीला, नेहमीसारखं, रुपया या खोलीत आलेला नाही असं म्हटलं आणि पोळीचा घास घेतला.

कडगंचीला एक बाई झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतात. माझ्याहून लहान असतील, पण आम्ही एकमेकांना अण्णा-अक्काच म्हणतो. पहिल्या वर्षापासून दर महिन्याला न चुकता आधार देणाऱ्यांत त्या होत्या, आणि त्यांचे प्रश्न इतके नेमके असायचे की कितीतरी भाग मी त्यांच्यावरच काढले. त्यांनी माझा व्हिडिओ बघून तो संच घेतला. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी वीज गेली, दुकानात कॉलेजच्या पोरापोरींची रांग, त्यांनी दिमाखात संच चालू केला, प्रिंटरचं बटण दाबलं आणि प्रिंटर, संगणक, अर्धवट भरलेला फॉर्म, सगळं एकदम गेलं. पोरं समोरच्या जनरेटरवाल्या दुकानात पळाली. ती बरीचशी तिकडचीच झाली.

त्यांचा निरोप मला फोनवर आला, आवाजातच. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणत होत्या, "अण्णा, तुमच्याकडं चाललं की. माझ्याकडं कामून चालंना? माझंच कायतरी चुकायलंय. काय तपासू सांगा."

मी तीन दिवस काहीच कळवलं नाही. चौथ्या दिवशी दोन शब्द लिहून पाठवले, "वायरिंग तपासा."

पहिलं जे केलं ते डब्यामुळं झालं असं म्हणून मी झोपू शकत होतो. हे दुसरं मात्र माझं एकट्याचं. त्यांनी खरंच इलेक्ट्रिशियन बोलावला, दुकानातली सगळी वायर बदलून घेतली, आणि मला फोटो पाठवला. नव्या पांढऱ्या पट्ट्या, सरळ रेषेत. खाली लिहिलं होतं, आता बघते. दुसऱ्या दिवशी लिहिलं, अजून बसतंय. तेवढंच.

मी बायकोला सांगितलं. ती धपाट्याचं पीठ मळत होती, मळतच राहिली. मग म्हणाली, फोनवर सांगू नका, जाऊन सांगा. आणि तुमची शेंगापोळी मध्ये आणू नका, ती काही बोलली नव्हती.

कडगंचीला गेलो तेव्हा अक्का कोणाचं तरी आधार कार्ड लॅमिनेशनच्या मशीनमधून काढत होत्या. बाकावर दोघं-तिघं बसले होते. त्या म्हणाल्या, बसा अण्णा, वायरिंग बघायला आलाव? मी न बसता फोन त्यांच्यासमोर धरला आणि कापलेला तुकडा लावला. त्यात मी स्पष्ट सांगत होतो, चालत नाही. त्यांनी एकदा पूर्ण बघितला, मग मागं नेऊन पुन्हा बघितला.

"हे कवाचं हाय?"

"पहिल्या दिवसाचं."

"म्हंजे वायरिंग तपासा म्हणलाव तवा तुम्हाला माहीत होतं."

"व्हय."

बाकावरचे लोक आता उघड ऐकत होते. मी सगळं सांगितलं. बायकोनं बजावलं होतं तरी येळवस आणि डबाही सांगितला, कारण दुसरं कारणच नव्हतं. अक्कांनी लॅमिनेशन केलेल्या कार्डाच्या कडा कात्रीनं कापल्या, ज्याचं त्याला दिलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

"मी पण दर महिन्याला देते की, अण्णा. मी डबा पाठवाया पायजे होता व्हय?"

बाकावर एक जण हसला. मलाही हसू आलं असतं, पण त्या हसत नव्हत्या. मी वायरिंगचा खर्च देतो म्हटलं. वाटलं होतं, राहू द्या म्हणतील. त्या म्हणाल्या, "द्या," आणि ड्रॉवरमधून बिल काढून पुढं केलं. मी दिला. त्या महिन्यापासून त्यांचा आधार बंद झाला. त्यांनी तसं सांगितलं नाही, नुसता बंद झाला.

परतताना अप्पांच्या दुकानात थांबलो. आता हे सगळं मी लोकांना सांगणार, हे त्यांना आधी कळायला हवं होतं. माझी तयारी होती की ते चिडतील, आमच्या शेतात जेवून गेलाव म्हणतील. ते चिडलेच, पण वेगळ्याच गोष्टीवर.

"पहिल्या दिवशी कळलं होतं तुम्हाला?" ते खुर्चीतून उठले. "आवो, तुम्ही चांगलं म्हणलाव म्हणून मी आणखी अकरा ठिकाणी बसवलो की. मला कामून सांगितलं न्हाई? मी तुम्हाला दिलतो कशासाठी?"

मी म्हटलं, तुमचं नुकसान होऊ नये म्हणून.

"मग आता काय झालं?" अप्पा म्हणाले. त्यांनी मला चहा दिला, कारण ते अप्पा आहेत, आणि मी तो पिईपर्यंत विक्रीच्या वहीतून त्या अकरा जणांची नावं काढली. पुढच्या आठवड्यात त्यांनी प्रिंटर असलेल्या घरांतून आणि दुकानांतून संच परत आणले आणि वितरकाशी भांडून बदलून घेतले. कडगंचीचा पहिला. मला वाटत होतं मी त्यांना सांभाळून घेतोय. त्यांनी मला संच दिला होता तो तपासायला, आणि मी एवढाही भरवसा त्यांच्यावर ठेवला नव्हता.

तो भाग मी एका दमात बोललो. तूर नुकतीच विकली होती, खोली रिकामी होती आणि प्रत्येक वाक्य भिंतीवरून परत येत होतं. चाळीस सेकंदं न कापता लावली. वायरिंगची गोष्ट सांगितली. दुकानदार कोण हे सांगितलं नाही, पण आळंदमध्ये ते कोणाला सांगावं लागतं? काही जणांनी आधार बंद केला. एकानं लिहिलं, मोठे लोक एवढं कबूल करत नाहीत, वगैरे. ते मी दोनदा वाचलं नाही, गोड लागायला लागलं असतं. अप्पांनी भाग ऐकला आणि निरोप पाठवला की त्यांच्या शेताचा पत्ता मी चुकीचा सांगितलाय, निंबर्ग्याच्या अलीकडं नाही, पलीकडं.

मी माझं सुरुवातीचं वाक्य बदललं. आता रुपयाबद्दल काही म्हणत नाही. वस्तू कोणाकडून आली, तो माणूस माझा कोण लागतो आणि त्यात काय चाललं नाही, हे आधी सांगतो. कधीकधी पहिली दहा मिनिटं त्यातच जातात. ऐकणारे कुरकुर करतात.

अक्कांकडून चार महिने काही आलं नाही. ना आधार, ना प्रश्न. त्यांच्या प्रश्नांशिवाय माझे भाग पांचट व्हायला लागले होते, हे मला कळत होतं. मी त्यांना दोनदा निरोप लिहिला आणि पाठवला नाही.

मग एक दिवस दुपारी त्यांचा फोन आला. खुशाली विचारली नाही. एका स्कॅनरचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, "ह्यो घेऊ का?"

माझ्या तोंडावर उत्तर आलं होतं. त्या कंपनीचा आधीचा स्कॅनर चांगला होता, हाही चांगलाच असणार. मी म्हणालो, "माहीत नाही अक्का. वापरला नाही."

पलीकडं त्यांचं मशीन झेरॉक्स काढत होतं. पाच-सहा पानं निघाली.

"बरं," त्या म्हणाल्या. "वापरून सांगा. मी थांबते."

आधार त्यांनी अजून सुरू केलेला नाही, आणि करावा असं मी कधी म्हणणार नाही. स्कॅनर मी माझ्या पैशानं आणला. रोज पन्नास पानं घालायची, जाड, पातळ, घडी पडलेली, रेशन कार्डासारखी मऊ झालेली. पाच दिवस एकही तक्रार नाही. सहाव्या दिवशी सकाळी एक घडीचं पान त्यात अडकलं आणि निघताना फाटलं. पंधरा दिवस व्हायला अजून अवकाश होता. मी दुकान तसंच उघडं टाकून बाहेर आलो आणि अक्कांना फोन लावला.