जीपची आंघोळ

पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांना लावलेल्या ताज्या रंगाचा वास आला की मला लगेच ओल्या सीटचा कुबट वास आठवतो आणि डोकं तापतं. एका पोळ्याला माझ्या मेहुण्याने बैलांबरोबर माझी प्रवासी जीपही धुवायला नदीत घातली. मी ओरडलो, तर वर मलाच म्हणाला, “दाजी, तिच्यावरच तुमचं घर चालून राह्यलं, मंग तिलाच आंघोळ न्हाई का?” पाणी सीटच्या वर चढलं होतं. सीटा काढून कडब्याच्या गंजीवर वाळत घातल्या आणि जीप ओढत अंबडला वायरिंगवाल्याकडे नेली. मजुरीवरून मी त्याच्याशी इतकी घासाघीस केली की, “चालू झाली न्हवं? मंग न्या,” म्हणून त्याने काम अर्धंच सोडलं. तेव्हापासून ब्रेक दाबला की भोंगा वाजायचा. मी लाजेने अर्धा झालो. पण तीर्थपुरीच्या रस्त्यावर तो भोंगा लांबून ऐकून लोक दुसऱ्या जीपा सोडून माझ्यासाठी थांबायला लागले. मेहुणा मिशीतल्या मिशीत हसून म्हणाला, “पाणी दिलं म्हून पीक आलं, दाजी.” आजही कुणी भोंगा नीट का करत नाही विचारलं, तर मी वायरिंगवाल्याची मजुरी महाग आहे असंच सांगतो, त्याचं म्हणणं मी मान्य केलं असं मेहुण्याच्या कानावर जायला नको.