कुट्याच्या पोत्यांबरोबर राजुरीपर्यंत

आमचा टेम्पो माळशेज घाट चढत होता आणि मागची एकही गाडी जवळ यायला धजत नव्हती. मला त्या वासाचं काही नाही. रेवदंड्याजवळ खाडीकाठी जन्म गेला, हा वास नसेल तर मला जेवण जात नाही. पण मागच्या पोत्यांत भरलेला कुटा (बाजारात न खपणारी, वाळवलेली बारीक मासळी) जुन्नरच्या कोंबड्या खाणार, हे काही डोक्यात बसत नव्हतं.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. मला माझ्या थोरल्या भावानं, दादानं धाडलं होतं. आमच्या होडीवर मोठ्या आसाचं (छिद्रांचं) जुनं जाळं, आणि शेजारचे लोक बारीक आसाची जाळी लावून कुट्याचे ढीग आणू लागलेले. जुनं जाळं काढून टाकून आपणही तसंच घ्यावं, असं दादाच्या मनात होतं. पण घाटावरची माणसं माल कायम घेतील का, ही धाकधूक होती. म्हणाला, "तुझ्या शाळेला सुट्टी आहे, जाऊन डोळ्यांनी बघून ये." थोरल्याला नाही कोण म्हणणार? बसलो शेजाऱ्यांचा कुटा भरलेल्या टेम्पोत.

ओतूर मागे पडलं तसा दोन्ही बाजूंना ऊसच ऊस लागला. समुद्र नाही, खाडी नाही, नुसता हिरवा गच्च पसारा. आळेफाट्यावर चहाला थांबलो तर हॉटेलवाल्यानं आधी टेम्पो पार लांब लावायला लावला, मगच कप पुढे केले.

राजुरीत नामदेवभाऊंची पोल्ट्री. त्यांच्या मंडळी, कमलवहिनी, म्हणाल्या की जेवायला मासवडी केलीय. मी बाह्या सरसावून बसलो. ताटात आली ती बेसनाची वडी, आत तीळ-खोबऱ्याचं सारण. मासा औषधालाही नाही! माझा चेहरा बघून दोघं नवराबायको पोट धरून हसली. रस्सा मात्र असा झणझणीत की मी लाज सोडून दोनदा मागून घेतला.

जेवणानंतर नामदेवभाऊंनी खाद्याच्या चक्कीपाशी एक पोतं ओतलं आणि माझ्या काळजात चर्र झालं. जवळा होता, मांदेली होती, ते ठीक. पण त्यातच बोटाएवढ्या सुरमया आणि रुपयाएवढी पापलेटं पडलेली. आमच्या पाण्यातला व्यवहार तसा सरळ आहे. पाण्यातली हिरवी साय जवळा खातो, जवळ्यावर मांदेली जगते, मांदेलीवर सुरमई, आणि सुरमईवर आम्ही. दादा म्हणायचा, बारीक मासळी कुणीतरी खाणारच, मग आपण का सोडायची? इथे तर खाणाऱ्याची पोरं आणि त्यांचा घास एकाच ढिगात वाळून पडले होते. मला दादाचा राग आला, शेजाऱ्यांचाही आला.

नामदेवभाऊंना मी ती पिल्लं वेगळी काढून दाखवली. त्यांनी एक उचलून उलटसुलट पाहिलं. आपल्याला सगळी मासळी सारखीच, असं म्हणून त्यांनी ते ढिगात परत टाकलं. वर्षभर माल घ्याल का, असं विचारलं, तर म्हणाले, "कितीबी आणा, पावणं. कमीच पडतंय."

दिवस कलायच्या आत कमलवहिनी शेरडं कोंडायच्या घाईत होत्या. मेलेल्या कोंबड्या उसाच्या कडेला टाकायची इथली रीत. कुत्री फडशा पाडतात, खड्डा खणायचे कष्ट वाचतात. पण कोंबड्यांवर कुत्री जमली आणि कुत्र्यांवर बिबट्या आला. त्यांचा कुत्रा मोत्या त्यानंच नेला. वहिनी सांगताना रडल्या, मग नवऱ्याच्या आळसाचा यथेच्छ उद्धार केला. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पर बिबट्याचंबी एक हाय, भाऊ. पोट भरलं की चार दिस फिरकत न्हाई."

सकाळी निघालो. उरलेली पोती आंबेगावात निरगुडसरला उतरवली. तिथल्या माणसांनीही अजून कधी आणताय, असंच विचारलं. रिकामा टेम्पो घाट उतरताना खडखडत होता आणि दादाला काय सांगायचं, ते मी मनात घोळवत होतो.

दादा किनाऱ्यावरच भेटला. मी सुरमईची पिल्लं सांगितली, पोट भरलं की चार दिवस न फिरकणारा बिबट्या सांगितला. तो वाळूकडे बघत ऐकत होता. मग त्यानं नेमकं तेवढंच विचारलं, "घेतील का?"

खरं तेच सांगितलं. "घेतील. जेवढं देशील तेवढं. त्यांना कमीच पडतं."

मला वाटलं, झालं, आता हा उद्याच नवं जाळं आणतो.

"मग नको," तो म्हणाला. "ज्याचं पोटच भरत नाही, त्याला कुठवर घालायचं?"

शेजारच्या होड्यांवर बारीक आसाची जाळी तशीच राहिली. दादा जुन्याच जाळ्यानं जातो. कधी पाटी भरते, पुष्कळदा भरत नाही, आणि त्याची बायको, माझी वहिनी, त्याला त्याबद्दल एक शब्द बोलत नाही.